डॉ. हॅरॉल्ड मॅन यांचा हिशेब

पुण्याहून नगरकडे निघावे, शिक्रापूरच्या परिसरात हमरस्ता सोडून आत वळावे, म्हणजे जातेगाव बुद्रुक हे गाव लागते. शिरूर तालुक्यातील इतर गावांसारखेच हे एक गाव. मात्र भारतीय शेतीच्या अर्थशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यांना ते शंभर वर्षांपासून परिचित आहे. १९२१ साली मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र मालेत या गावाची कुटुंबवार पाहणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. कोणाकडे किती जमीन, ती किती तुकड्यांत विखुरलेली, बैल किती, कर्ज किती, घरात खाणारी तोंडे किती आणि त्या तोंडांना वर्षभर पुरेल एवढे धान्य पिकते की नाही, याचा बारकाईने हिशेब त्या पुस्तकात मांडला आहे. तो मांडणारे डॉ. हॅरॉल्ड मॅन हे अर्थशास्त्रज्ञ नव्हते. ते खतांचे आणि मातीचे रसायन जाणणारे शास्त्रज्ञ होते. खताचा अभ्यासक गावकऱ्याच्या भाकरीपर्यंत कसा येऊन पोहोचला, हे आज पुन्हा सांगण्याजोगे आहे. कारण शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत खताची चर्चा सध्या गोणी मिळाली की नाही एवढ्यावरच थांबते.

मॅन यांचा जन्म १८७२ साली इंग्लंडमधील यॉर्क येथे झाला. रसायनशास्त्राचे शिक्षण संपल्यावर ते रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीच्या संशोधनकार्यात रुजू झाले. तेथे त्यांचे वरिष्ठ होते डॉ. व्होल्कर. हिंदुस्थानभर हिंडून येथील शेतीवरचा सुप्रसिद्ध अहवाल १८९३ साली सादर करणारे व्होल्कर ते हेच. आपला शेतकरी शेण जाळतो तो अडाणीपणामुळे नव्हे, तर सरपण मिळत नाही म्हणून, हे त्या अहवालाने ठासून मांडले होते. शेतकऱ्याला नावे ठेवण्याआधी त्याची अडचण समजून घ्यावी, ही दृष्टी तरुण मॅन यांना अशा सहवासातून लाभली असावी, असे मानण्यास जागा आहे.

या संस्थेचे प्रयोगक्षेत्र वोबर्न या गावी होते. तेथील रेताड जमिनीत १८७६ पासून दरवर्षी गहू आणि जव ही पिके त्याच त्या वाफ्यांत घेतली जात. काही वाफ्यांना शेणखत, काहींना नत्राचे रासायनिक क्षार, तर काहींना काहीच नाही, अशी व्यवस्था होती. प्रारंभीची कित्येक वर्षे अमोनियाच्या क्षारांनी पीक उत्तम दिले. पुढे मात्र त्याच वाफ्यांतील जव खुरटू लागला, आणि शतक संपता संपता तो जवळजवळ उगवेनासा झाला. कारण रासायनिकच होते. अमोनियाचे नायट्रेट होताना मातीत आम्ल सुटते. वोबर्नच्या रेतीत ते आम्ल मारणारा चुना नव्हता. साल दर साल आम्ल साचत गेले. वाफ्यांना चुना दिल्यावर पीक पुन्हा उभे राहिले. खत वाईट ठरले नाही, आणि निर्दोषही ठरले नाही. कोणत्या मातीत, किती काळ आणि कशाच्या जोडीने, हे विचारल्यावाचून खताबद्दल काहीच बोलता येत नाही, एवढे त्या वाफ्यांनी दाखवून दिले. मॅन यांच्या पुढील आयुष्यातील बहुतेक कामाचे मूळ या वाफ्यांत आहे.

१९०० साली ते हिंदुस्थानात आले ते चहा मळेवाल्यांच्या संघटनेचे शास्त्रज्ञ म्हणून. चहाच्या किडींवर आणि रोगांवर सर जॉर्ज वॉट यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला ग्रंथ बराच काळ प्रमाण मानला गेला. तो भाग येथे सोडून देऊ. १९०७ मध्ये ते पुण्यास आले. पुण्याचे शेतकी शिक्षण विज्ञान महाविद्यालयाच्या आश्रयातून बाहेर पडून स्वतंत्र महाविद्यालयाचे रूप घेत होते, त्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले. पस्तिशीतला हा गृहस्थ पुढची वीस वर्षे दख्खनच्या मातीत रमला.

त्या वेळच्या पुणे जिल्ह्यात खताला तोटा होता आणि प्रतिष्ठाही होती. शहराचे सोनखत नगरपालिका विकत असे आणि उसाचे बागाईतदार ते नेत. एरंडाची व करंजाची पेंड, मेंढरे बसवणे, शेणखत, गाळ ही उसाची खुराक होती. कालव्याचे पाणी ही नवलाई होती. मुठा कालवा १८७० च्या दशकात आला, नीरेचा डावा कालवा १८८० च्या दशकात. दुष्काळी मुलखात पाणी आले, एकरी उत्पन्न वाढले, सावकाराचे आणि सरकारचे दोघांचेही समाधान झाले. पंचवीस वर्षे उलटली नाहीत तोच नीरेच्या खोऱ्यातील उत्तमोत्तम काळ्या जमिनींवर पांढरे पापुद्रे दिसू लागले.

मॅन यांनी आपले सहकारी ताम्हणे यांच्यासह या जमिनींचा तपास केला आणि १९१० साली नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवरची पत्रिका शेतकी खात्यातर्फे प्रसिद्ध केली. त्या काळचा भीमथडी तालुका म्हणजे आजच्या बारामती आणि दौंड या दोन्ही तालुक्यांचा मुलूख. तेव्हा हा विषय दौंडकरांना परका नाही. निष्कर्ष सरळ होता. जमिनीतले क्षार नवे नव्हते. ते खाली विखुरलेले होते. पिकाला लागते त्याहून अधिक पाणी दिले गेले, निचऱ्याची सोय केली गेली नाही, जमिनीखालची पाण्याची पातळी वर चढली, आणि त्या पाण्याबरोबर वर आलेले क्षार पाणी उन्हाने उडून जाताच पृष्ठभागावर राहिले. उपाय म्हणजे चर खणून निचरा करणे आणि पाण्याला आवर घालणे. अशा जमिनीत वर आणखी खत टाकणे म्हणजे आजारी माणसाला पक्वान्ने वाढण्यासारखे होते. मुळेच श्वास घेऊ शकत नसतील तर नत्र घेणार कोण?

हे निदान होऊन एक शतक लोटले. दौंड तालुक्यातून आज खडकवासल्याचा उजवा कालवा इंदापूरकडे जातो, भीमा आणि मुळा-मुठेच्या काठाने ऊस उभा आहे, गुऱ्हाळे आहेत, पाटसला साखर कारखाना आहे. उसाने या भागात शाळा, दवाखाने, पक्की घरे आणली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण आडसाली उसाला कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश अशी आहे. नत्राचा हा आकडा निव्वळ युरियात मोजला तर एकरी पावणेआठ गोण्या होतात. शिफारस एवढी मोठी असताना बांधावरचा हात त्याहून सैल सुटतो, हे कोणताही कृषी सहायक खासगीत सांगेल. त्यात युरिया काळ्या, चुनखडीयुक्त, अल्कधर्मी जमिनीवर वरून फेकला की त्यातील बराच नत्र अमोनियाच्या रूपाने हवेत उडतो. पाटपाणी भरपूर दिले की उरलेला नायट्रेट होऊन खाली झिरपतो. वोबर्नला आम्ल साचण्याचे भय होते, येथे ते नाही. येथे भय निराळे आहे, आणि ते विहिरीत साचते.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही, आणि पाणी उकळल्याने ते जात नाही; उलट आटलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही आपल्याकडील मर्यादा आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील अनेक विहिरींत ती ओलांडली गेल्याचे केंद्रीय भूजल मंडळाच्या तपासण्यांत दिसून आले आहे. सारा दोष खताचा नाही. गोठे, उकिरडे आणि शौचालयांचे खड्डेही त्यात भर घालतात. परंतु वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलाच्या बाटलीत हे पाणी गेले की त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि अंग निळसर पडू लागते, एवढे वैद्यकशास्त्र निश्चितपणे सांगते. दौंडच्या मळ्यातील बाळंतिणीला ही गोष्ट कोणी सांगितली आहे काय?

मॅन यांच्या जीवनातील सर्वात महत्त्वाचे वळण मात्र कालव्यापाशी नाही, कोरडवाहू शिवारात आहे. मातीचे पृथक्करण करता करता त्यांच्या ध्यानात आले असावे, की चांगले बियाणे, चांगले खत, चांगले नांगर हे सर्व महाविद्यालयाच्या शेतावर यशस्वी होते आणि गावात जाऊन थबकते. असे का, हे पाहण्यासाठी त्यांनी गावच तपासायला घेतले. पुण्यातील अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्त्यांच्या राहणीचा अभ्यास त्यांनी १९१२ मध्येच प्रसिद्ध केला होता. पाठोपाठ पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ साली आला. १७७१ मध्ये तेथील सरासरी धारणक्षेत्र चाळीस एकर होते, ते १९१५ च्या सुमारास सात एकरांवर आले, हा त्यांचा आकडा पुढे असंख्य पाठ्यपुस्तकांतून फिरला. पिंपळे सौदागर शहराला आणि खडकीच्या लष्करी कामांना लागून असल्याने तेथील लोकांना बाहेरची मजुरी मिळे. शहराच्या सावलीपासून दूर असलेले, निव्वळ पावसावर जगणारे गाव पाहिल्याशिवाय चित्र पुरे होणार नव्हते. म्हणून जातेगाव बुद्रुक. या दुसऱ्या अभ्यासात त्यांचे सहकारी एन. व्ही. कानिटकर हे होते.

जातेगावचा हिशेब वाचताना आजही मन अस्वस्थ होते. मॅन यांनी आधी एका कुटुंबाला अन्न-वस्त्रासाठी किमान किती लागेल याचे प्रमाण ठरवले. ते प्रमाण उदार मुळीच नव्हते. गावकऱ्यांच्या स्वतःच्या साध्या राहणीवरूनच ते काढले होते. मग प्रत्येक कुटुंबाचे उत्पन्न, कर्जाचे व्याज आणि बाहेरची मजुरी त्यापुढे ठेवली. बहुसंख्य कुटुंबे त्या साध्या प्रमाणालाही पुरी पडत नव्हती. जमीन थोडी, तीही तुकड्यांत, पाऊस बेभरवशाचा, बैल दुबळे, कर्जाचा बोजा जुना. अशा घराला खत घे म्हणून सांगणे म्हणजे रिकाम्या खिशाला बाजार दाखवणे. भुकेले पोट हाच सुधारणेच्या वाटेतील सर्वात मोठा धोंडा आहे, असे त्यांचे मत बनले, आणि इतक्या वरिष्ठ सरकारी अधिकाऱ्याने ते उघडपणे मांडावे याचे त्या काळी अनेकांना आश्चर्य वाटले.

मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे संचालक म्हणून १९२७ पर्यंत त्यांनी काम केले. त्यांच्याच कारकिर्दीत, १९२३ मध्ये, पुण्याजवळ मांजरीला जिराईत शेतीचे संशोधन सुरू झाले. त्याचा आरंभ ताम्हणे यांनी केला आणि पुढे कानिटकरांनी ते वाढवले. नीरेच्या खारवट जमिनींचा आणि जातेगावच्या रिकाम्या कणग्यांचा अनुभव घेतलेली हीच माणसे होती. पाणी नसलेल्या जमिनीत आधी ओल धरून ठेवा, बांध घाला, उथळ कुळवणी करा, पेरणी विरळ ठेवा, आणि मग खताचे पाहा, असा हा क्रम होता. ओल नसताना दिलेले खत पिकाला लागत नाही, आणि प्रसंगी ते पिकाला जाळते, हे शिरूरच्या बाजरीवाल्याला शास्त्रज्ञाने शिकवावे लागत नाही.

निवृत्तीनंतर बहुतेक साहेब बागेत गुलाब लावीत बसत. मॅन मात्र मायदेशी परतून १९२८ मध्ये पुन्हा वोबर्नला गेले. ज्या वाफ्यांपासून त्यांनी सुरुवात केली होती त्यांचीच देखरेख पुढे १९५६ पर्यंत, म्हणजे वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षापर्यंत, त्यांनी केली. दख्खनही त्यांच्या मनातून गेले नव्हते. १८६५ ते १९३८ या काळातील मुंबई दख्खनच्या पावसाचा आणि दुष्काळाचा अभ्यास त्यांनी १९५५ साली प्रसिद्ध केला. १९६१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर सहा वर्षांनी डॅनियल थॉर्नर यांनी त्यांचे निवडक लेखन संपादित करून मुंबईहून प्रकाशित करविले, नाहीतर ते जुन्या नियतकालिकांतच राहिले असते.

वोबर्नच्या या उत्तरपर्वातील एक गोष्ट दौंडच्या संदर्भात मुद्दाम नोंदवली पाहिजे. १९४२ साली तेथे भाजीपाल्याच्या शेतीचा एक दीर्घ प्रयोग सुरू झाला. शेणखत, कंपोस्ट आणि शहरी सांडपाण्याचा गाळ ही सेंद्रिय खते त्यात तपासली जात होती. प्रयोग सुरू करणाऱ्यांना जमिनीचा कस वाढतो काय एवढेच पाहायचे होते. गाळ देणे तर १९६० च्या दशकात थांबले. पण गाळाबरोबर आलेले जस्त, कॅडमियमसारखे जड धातू त्या मातीतून हलले नाहीत, आणि क्लोव्हर नावाच्या द्विदल चाऱ्याच्या मुळांवर गाठी करणारे उपयुक्त जिवाणू त्यांनी निकामी केले, हे १९८० च्या दशकात उघड झाले. सेंद्रिय म्हटले की निर्दोष, असे समजणाऱ्यांनी हे वाफे डोळ्यांपुढे ठेवावेत. पुणे शहराचे सांडपाणी प्रक्रिया करून मुंढव्याहून जुन्या मुठा कालव्यात सोडले जाते आणि हवेली-दौंडच्या शेतांना मिळते. त्या पाण्यातील नत्राचे मोल आहेच. त्याचा हिशेब धरून युरिया कमी करणारा शेतकरी अजून विरळा. त्या पाण्याबरोबर आणखी काय काय शेतात उतरते, याची नियमित तपासणी शेतकऱ्याने आपल्या खर्चाने करावी, अशी अपेक्षा असेल तर ती अन्यायाची आहे.

खताचे धोरण मात्र भलत्याच दिशेने गेले. २०१० मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आले, त्यातून युरिया वगळला गेला. परिणामी पंचेचाळीस किलोची युरियाची गोणी अलीकडची काही वर्षे सुमारे २६६ रुपयांना मिळते, तर डीएपीच्या पन्नास किलोंना तिच्या पाचपट मोजावे लागतात. एवढा फरक असता शेतकरी युरियाकडे झुकला तर त्याला अविचारी म्हणता येत नाही. स्वस्त नत्राने पीक हिरवेगार दिसते, अंगाने वाढते, आणि मावा-तुडतुड्यांनाही आवडते. मग फवारणी येते. दरम्यान आपल्या चुनखडीच्या जमिनीत मुळातच दुर्मीळ असलेले जस्त आणि लोह पिकाला मिळणे अधिकच कठीण होत जाते. स्फुरदाचा मारा झाला तर जस्त आणखी आखडते.

येथे खताचा संबंध थेट ताटाशी येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी जवळजवळ ६९ टक्के आणि पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. रासायनिक खतामुळे रक्तक्षय झाला, असे म्हणणे भोंदूपणाचे होईल. पण कोणत्या पिकाला स्वस्त खत आणि पाणी मिळाले आणि कोणते पीक ताटातून गेले, हा प्रश्न रास्त आहे. चिंचणीच्या धरणाने आणि चासकमानच्या कालव्याने शिरूरच्या पुष्कळ शिवारांत ऊस आणि कांदा आणला. बाजरी मागे हटली. ज्या धान्यात लोह आणि जस्त गव्हा-तांदळाहून जास्त, तेच गरिबीची खूण ठरून चुलीवरून उतरले. २०१२ साली महाराष्ट्रात धनशक्ती हा अधिक लोहाचा बाजरीचा वाण प्रसारित झाला. अशा बाजरीच्या भाकरीने लोहाची कमतरता असलेल्या शाळकरी मुलांची स्थिती काही महिन्यांत सुधारली, असे महाराष्ट्रातच झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले.

खत आणि आरोग्य यांचा असा मेळ घालणे हे स्वप्नरंजन नाही. फिनलंडच्या मातीत सेलेनियम कमी, म्हणून लोकांच्या आहारातही ते कमी पडे. त्या देशाने १९८४ पासून खतातच सेलेनियम घालण्याचे ठरवले आणि धान्यात, दुधात व लोकांच्या रक्तात ते वाढलेले मोजून दाखवले. खतात काय असावे हे तेथे ताट पाहून ठरले. आपल्याकडे ते गोणीच्या अनुदानावरून ठरते.

२०१५ मध्ये आलेल्या मृद् आरोग्य पत्रिकेवर बारा नोंदी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पत्रिका उपयुक्त आहे, ती वाचून खत देणारा शेतकरी वाढला पाहिजे. पण त्याच शेतातल्या विहिरीचे पाणी घरात प्यायले जाते, त्याची नोंद तिच्यावर नाही; त्या घरात वर्षभरात किती बाजरी, किती डाळ, किती भाजी शिजली, याची तर नाहीच. जातेगावात मॅन आणि कानिटकर यांनी जे घरोघर लिहून घेतले ते हेच होते, आणि त्यासाठी त्यांच्यापाशी वही-पेन्सिलीहून फारसे काही नव्हते. शिरूरला आणि दौंडला आज महाविद्यालये आहेत, विज्ञानाचे व अर्थशास्त्राचे विद्यार्थी आहेत, प्रकल्पाच्या नावाने दरवर्षी जमा होऊन धूळ खाणाऱ्या वह्याही आहेत. येत्या उन्हाळ्यात, विहिरी तळाला गेलेल्या असताना, प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातील दहा घरे घ्यावीत: मातीचा एक नमुना, पिण्याच्या पाण्याची एक बाटली, आणि घरातल्या बाईला विचारून लिहिलेली आठवड्याच्या जेवणाची यादी. सुरुवात जातेगाव बुद्रुकपासून करावी. तेथील जुना हिशेब छापील स्वरूपात उपलब्ध आहे, त्यामुळे तुलनेला आकडे शोधत बसावे लागणार नाहीत.